साडेतीन लिटर तेल, नऊ कोटी भडके

गाडीचं ऑइल किती किलोमीटरला बदलायचं, हा प्रश्न तिघांना विचारला तर चार उत्तरं मिळतात. आमच्या गॅरेजवाल्या मामांचं उत्तर ठरलेलं आहे: पाच हजार. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत छापलंय, दहा हजार किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. मेहुणा जर्मनीत असतो. तो छाती फुगवून सांगतो, आमच्याकडे तीस हजार. यातलं कुणीच खोटं बोलत नाही, हे कळायला मला गॅरेजातल्या मोडक्या खुर्चीवर बसून बिलाच्या पाठीमागे हिशेब मांडावा लागला. गाडी वर उचललेली होती, चेंबरचा नट काढलेला होता आणि खालच्या ट्रेमध्ये काळंभोर तेल पडत होतं. साडेतीन लिटर. चौघांच्या घरात महिन्याला साधारण तेवढंच गोडं तेल लागतं.

या साडेतीन लिटरांनी वर्षभरात केलं काय?

चार सिलिंडरची साधी पेट्रोल गाडी धरू. चालते पुण्यात. सिग्नल, खड्डे, मेट्रोचे पत्रे, दुपारी शाळा सुटल्यावरची कोंडी हे सगळं जमेस धरून सरासरी वेग ताशी २० किलोमीटर. (कर्वे रस्त्यावर संध्याकाळी सात वाजता अडकलेल्यांना हा आकडा फार उदार वाटेल.) या वेगाने १०,००० किलोमीटर व्हायला ५०० तास लागतात, म्हणजे ३०,००० मिनिटं. कधी उभी, कधी पळणारी अशा गाडीचं इंजिन मिनिटाला सरासरी १,५०० फेरे घेतं असं मानलं, तर दोन सर्व्हिसिंगच्या मधे ते साडेचार कोटी फेरे घेतं. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेऱ्याला दोन भडके उडतात. झाले नऊ कोटी. दिवाळीत हजारी माळ लावतात, तशा नव्वद हजार माळा त्या बॉनेटखाली फुटून गेल्या आणि आपल्याला ऐकू आली ती फक्त घरघर.

आता पिस्टन बघा. तो साडेसात सेंटिमीटरच्या विहिरीत वर-खाली करतो. एका फेऱ्यात एक वर आणि एक खाली, मिळून पंधरा सेंटिमीटर. साडेचार कोटींनी गुणलं की ६,७५० किलोमीटर होतात. गाडी दहा हजार किलोमीटर फिरली तेवढ्यात हा गडी आपल्या वीतभरही नसलेल्या खोलीत पावणेसात हजार किलोमीटर येरझाऱ्या घालून आला. चौघांची बेरीज २७,०००. म्हणजे गाडीपेक्षा गाडीतले पिस्टन जास्त फिरले. शिवाय प्रत्येक पिस्टन दर फेऱ्याला दोनदा पूर्ण थांबतो, वरच्या टोकाला आणि खालच्या टोकाला. तेलाची खरी परीक्षा तिथेच असते, कारण सरकत्या वस्तूखाली तेलाचा थर टिकतो आणि थांबलेल्या वस्तूखालून तो निसटू पाहतो.

तेल मात्र या सगळ्यात बसून राहत नाही. पंप ते चेंबरमधून उपसतो, फिल्टरमधून ढकलतो, बेअरिंगांपासून थेट वर कॅमशाफ्टपर्यंत चढवतो, आणि तिथून ते निथळत परत खाली येतं. मिनिटाला १५ लिटर धरले, तर ३०,००० मिनिटांत साडेचार लाख लिटर होतात. उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा टँकर येतो तो दहा हजार लिटरचा. असे ४५ टँकर तेल एवढ्याशा इंजिनातून फिरलं. फरक इतकाच की तेल तेच, साडेतीन लिटर, सव्वा लाखाहून जास्त वेळा फिरवलेलं. दर चौदा सेकंदांना एक प्रदक्षिणा. देवळाभोवतीसुद्धा कुणी इतक्या घातल्या नसतील.

आणि कुठल्या हालात? पिस्टनचा व्यास सुमारे ७३ मिलिमीटर. जोरात ॲक्सिलेटर दाबल्यावर सिलिंडरमधला दाब सहज ६० बारपर्यंत जातो, म्हणजे त्या वाटीएवढ्या पिस्टनवर क्षणभर अडीच टन भार येतो. अख्खी गाडी एका टनाच्या आतबाहेर. तो भार दांड्यावरून खाली बेअरिंगवर उतरतो, आणि बेअरिंग व शाफ्ट या दोन धातूंच्या मधे काय असतं? एक ते काही मायक्रॉन जाडीचा तेलाचा पापुद्रा. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा; रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. तांबडी पेशीसुद्धा जिथून अंग चोरून जाईल, अशा फटीतल्या तेलावर अडीच टन तोललेले असतात. ऑइल फिल्टर चांगला असला तरी साधारण २०-३० मायक्रॉनपेक्षा मोठे कण तो नीट पकडतो. त्याहून बारीक, पापुद्र्याच्या जाडीएवढे कण तेलाबरोबर प्रदक्षिणा घालत राहतात, आणि झीज करतात ते हेच. तेल बदलण्याचं निम्मं कारण या बारीक कणांत आहे.

उरलेलं निम्मं कारण पाण्यात आहे.

एक लिटर पेट्रोल जाळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. पण पेट्रोलमधला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि वजनाचा मोठा वाटा हवा देते. कागदावर गणित अचूक बसतं. शहरात लिटरला चौदा किलोमीटर मिळत असतील, तर दहा हजार किलोमीटरला ७०० लिटरच्या वर पेट्रोल जळतं आणि गच्चीवरची साडेसातशे लिटरची टाकी जवळजवळ भरेल एवढं पाणी वाफ होऊन बाहेर पडतं. जवळजवळ सगळं सायलेन्सरमधून जातं. थंडीत सकाळी नळीच्या टोकाशी थेंब दिसतात ते याचेच. पण पिस्टनच्या रिंगा काही डब्याच्या झाकणासारख्या घट्ट नसतात. थोडा वायू त्यांच्या बाजूने खाली, तेलाच्या खोलीत शिरतोच. शंभरातला एक भाग शिरला असं मानलं, तरी सहा-सात लिटर पाणी झालं, तेलाच्या जवळजवळ दुप्पट! इंजिन तापलेलं असेल तर ते पाणी टिकत नाही. वाफ होऊन परत सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून निघून जातं. इंजिन थंड असेल तर मात्र तिथेच थेंब होऊन साचतं, जळलेल्या वायूंशी मिळून आम्ल बनतं, आणि पुढे ऑइल भरायच्या झाकणाखाली तो पिवळट फेस दिसायला लागतो.

म्हणून गाडी किती किलोमीटर चालली हा प्रश्नच थोडा चुकलेला आहे. एकजण समृद्धी महामार्गाने मुंबई-नागपूर करतो. अंतर ७०१ किलोमीटर, म्हणजे दहा हजार भरायला पंधराही खेपा लागत नाहीत. इंजिन पंधरा वेळा थंड सुरू झालं आणि मग तासन्‌तास योग्य तापमानावर चाललं. सरासरी ताशी ८० धरा: १२५ तास. मिनिटाला २,४०० फेरे धरले तरी एक कोटी ऐंशी लाख. दुसऱ्याची कचेरी घरापासून पाच किलोमीटरवर. त्याच दहा हजारांसाठी दोन हजार खेपा आणि जवळपास तितक्याच वेळा थंड इंजिन. रेडिएटरचं पाणी लवकर तापतं, तेल त्याच्या मागून रेंगाळत तापतं, आणि ते तापेतो कचेरीचं फाटक आलेलं असतं. तास चौपट, फेरे अडीचपट, थंड सुरुवाती शंभरपटींहून जास्त. मीटरवर दोघांचा आकडा एकच!

पुस्तिकेच्या मागच्या पानांत बारीक अक्षरात ‘कठीण परिस्थिती’ नावाचा एक परिच्छेद असतो: छोट्या फेऱ्या, धूळ, उष्णता, सतत थांबत-थांबत चालणं, असं असेल तर तेल लवकर बदला. आपण ते वाचतो आणि वाळवंटातल्या कुणासाठी लिहिलंय असं समजून पान उलटतो. वास्तविक ते वर्णन हिंजवडीच्या रस्त्याचं आहे.

उभ्या गाडीचे किलोमीटर शून्य, पण इंजिन फिरतंच असतं. फोर्डने अमेरिकी पोलिसांच्या गाड्यांसाठी यावर सरळ भाव ठरवून टाकला होता: एक तास उभं इंजिन म्हणजे ३३ मैल, सुमारे ५३ किलोमीटर. आपल्या ५०० तासांतला पाव भाग सिग्नलवर गेला असेल, तर या भावाने ६,६०० किलोमीटर मीटरने मोजलेच नाहीत. जनरल मोटर्सने त्याही पुढे जाऊन १९८८मध्ये ओल्ड्समोबाइल गाड्यांत तेलाचं उरलेलं आयुष्य सांगणारी यंत्रणा बसवली. गंमत अशी की ती तेलाकडे बघतच नाही. इंजिनाचे फेरे मोजते, तापमान बघते, फार थंड किंवा फार गरम असताना घेतलेल्या फेऱ्यांना दंड लावते आणि शिलकीतून वजा करते. मामांच्या अंगठा-तर्जनीत तेल चोळून बघण्यापेक्षा हे भरवशाचं आहे. तेल काळं झालं म्हणजे संपलं असं नसतं; काजळी पोटात धरून ठेवणं हे त्याचं काम आहे, आणि काळं होणारं तेल ते काम करतंय. संपतात ती त्यात मिसळलेली औषधं: आम्ल मारणारी, काजळी सुटी ठेवणारी, धातूवर लेप देणारी. यातल्या फॉस्फरसचं प्रमाण पातळ तेलांत ०.०८ टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, नाहीतर सायलेन्सरच्या वाटेवरचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. तीन किलो तेलात तो भरतो अडीच ग्रॅमही नाही. जिथे तेलाचा पापुद्रा फाटतो, तिथे या चिमटीचा लेप धातूला धातूपासून वाचवतो. ती चिमूट खर्ची पडली की मागे उरतं ते नुसतं चिकट द्रव.

पाच हजारांचा आकडा आला तो जुन्या तेलांतून आणि जुन्या इंजिनांतून. अमेरिकेत तीन हजार मैल, म्हणजे ४,८२८ किलोमीटर, हा पिढ्यान्‌पिढ्या धर्मवचनासारखा पाळला गेला. तेल सुधारलं, इंजिनं सुधारली, वचन तसंच राहिलं. कारण ते पाळणाऱ्यांवर दुकानं चालत होती. शेवटी २०११मध्ये कॅलिफोर्निया सरकारला मोहीम काढून लोकांना सांगावं लागलं की बाबांनो, आपल्या गाडीचा खरा आकडा पुस्तिकेत बघा. युरोपातल्या फोक्सवॅगनची ‘लाँगलाइफ’ पद्धत ३०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षांपर्यंत जाते. मेहुणा तेच सांगतो, पण ठरावीक दर्जाचं तेल, मोकळे लांब रस्ते आणि स्वच्छ हवा ही त्यातली कलमं सांगायला विसरतो.

तरी लवकर बदलणाऱ्यांची बाजू मांडायला एक साक्षीदार आहे. अर्व गॉर्डन न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहायचे, शाळेत विज्ञान शिकवायचे. १९६६मध्ये त्यांनी व्होल्वो पी१८०० घेतली आणि सप्टेंबर २०१३मध्ये अलास्कात तीस लाख मैल पूर्ण केले, सुमारे ४८ लाख किलोमीटर. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. सहा वेळा जाऊन-येऊन वर थोडे उरतात. दर साडेतीन हजार मैलांनी तेल बदललं असं धरलं तर ८५७ वेळा. एका माणसाच्या एका गाडीने तीन हजार लिटर तेल पचवलं. पण गॉर्डन यांचे मैल बहुतांशी लांबच्या रस्त्यांवरचे होते, हेही या साक्षीत नोंदवायला हवं. नुसतं तेल बदलून पाच किलोमीटरच्या खेपांत चंद्र गाठता येत नाही.

जहाजवाल्यांना आपला हा सगळा खटाटोप बघून हसू येईल. २००६च्या एमा मर्स्क या मालवाहू जहाजाचं चौदा सिलिंडरचं इंजिन २,३०० टनांचं, आणि पूर्ण वेगात मिनिटाला जेमतेम १०२ फेरे घेतं. आपल्या गाडीचे साडेचार कोटी फेरे त्याला करायचे तर ३०६ दिवस अखंड चालावं लागेल. अशा इंजिनांच्या पोटातलं तेल दर वर्षी ओतून टाकत नाहीत. जहाजावरच घुसळून, पाणी-गाळ वेगळा काढून ते वर्षानुवर्षं वापरतात. विमानाच्या जेट इंजिनात तर भडक्याची काजळी तेलापर्यंत फारशी पोचतच नाही, त्यामुळे तिथे बदलणं दुर्मीळ, जळेल तेवढं वर घालत राहायचं. तेल नुसत्या वयाने संपत नाही, ते मळतं आणि त्यातली औषधं संपतात.

गिअरबॉक्सचं तेल याच कारणाने वेगळं. तिथे भडका नाही, काजळी नाही, पाणी नाही. दोनेक लिटर तेल अंधारात पडलेलं, म्हणून सगळे त्याला विसरतात. पण तिथला दाब ऐका. गिअरचे दोन दात एकमेकांना टेकतात ती जागा मिलिमीटरहूनही अरुंद पट्टी असते, आणि तिथला दाब दहा हजार बारच्या घरात जातो. पृथ्वीवरचा सगळ्यात खोल समुद्र, मारियाना गर्ता. तिच्या तळाशी सुमारे अकराशे बार. त्याच्या नऊ-दहापट. अंगठ्याच्या नखावर आमच्या सोसायटीचा टँकर, पाण्यासकट, उभा केला तर जे होईल ते. एवढ्या दाबाखाली तेल तेल राहतच नाही. क्षणापुरतं ते काचेसारखं घट्ट होतं, दातांना मधे धरतं, आणि दात सुटले की परत वाहायला लागतं. हे मला इंजिनातल्या नऊ कोटी भडक्यांपेक्षाही अजब वाटतं.

साध्या गिअरबॉक्सला पुस्तिकेप्रमाणे चाळीस-पन्नास हजारांच्या पुढे कधीतरी बदलून चालतं. ऑटोमॅटिकची गोष्ट निराळी. तिथलं तेल वंगण तर आहेच, शिवाय ते ताकद पोचवतं, क्लच दाबतं आणि उष्णता वाहून नेतं. तिथे मोठा शत्रू म्हणजे ताप. मेकॅनिकांचा जुना ठोकताळा असा: ८० अंश सेल्सियसला तेल १ लाख ६० हजार किलोमीटर टिकतं, ९०ला ८० हजार, १०२ला ४० हजार, ११३ला २० हजार. दर अकराएक अंशांना आयुष्य अर्धं. घाटात मालाने भरलेली गाडी गर्दीत रांगत चढते तेव्हा हे अर्धं-अर्धं करणं चालू असतं आणि मीटरवर किलोमीटर मात्र दोनच सरकलेले असतात. यावर काही कंपन्या ‘आयुष्यभराचं तेल’ असं लिहितात. कुणाच्या आयुष्यभराचं, ते लिहीत नाहीत. अनेक महागड्या गाड्यांत जिचा आठ गिअरांचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स असतो, त्या झेडएफ कंपनीची स्वतःची शिफारस ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांनी, बदला अशी आहे. मी गिअरबॉक्स बनवणाऱ्याचं ऐकेन.

शिवाय ऑटोमॅटिकचं तेल नट काढला की सगळं येत नाही. सात लिटरांतलं साडेतीन उतरतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरच्या पोटात अडकून राहतं. एकदा बदललं की निम्मं नवं, दुसऱ्यांदा ७५ टक्के, तिसऱ्यांदा साडेसत्याऐंशी. सात वेळा केलं तरी जुन्याचा १२८वा भाग शिल्लक असतोच. भाऊबंदकीतल्या जमिनीसारखं, वाटण्या होत राहतात आणि कुणाचा तरी एक तुकडा उरतोच.

ट्रे भरला. आता या काळ्या तेलाचं काय? अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेचा एक आकडा आहे: एका गाडीतून काढलेलं तेल दहा लाख गॅलन, म्हणजे ३८ लाख लिटर, गोडं पाणी नासवू शकतं. आमच्या टँकरच्या मापात ३८० टँकर. माणशी रोज १३५ लिटर हे आपल्याकडच्या शहरांचं प्रमाण लावलं तर ७७ माणसांचं वर्षाचं पाणी. त्याच संस्थेचा दुसरा आकडा उलट बाजूने डोळे उघडतो. अडीच क्वार्ट, म्हणजे जेमतेम २.४ लिटर, चांगलं वंगण तेल नव्याने बनवायला ४२ गॅलन कच्चं तेल लागतं, अख्खं पिंप. तेवढंच जुन्या तेलातून काढायला एक गॅलन पुरतं. माझ्या साडेतीन लिटरांसाठी एका बाजूला २३५ लिटर कच्चं तेल, दुसऱ्या बाजूला साडेपाच-सहा लिटर जळकं ऑइल. २०२३-२४मध्ये भारतात ४२ लाखांहून जास्त नव्या प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. त्यांचं फक्त पहिलं ऑइल बदलायचं म्हटलं तरी दीड कोटी लिटरच्या जवळ जातं. जळक्या ऑइलची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारा नियम १ एप्रिल २०२४पासून लागू झालाय. गॅरेजच्या मागच्या पिंपापर्यंत तो अजून पोचलेला दिसत नाही. मी बसलो होतो तेवढ्या वेळात शेजारच्या बांधकामावरचा एक पोरगा कॅन घेऊन आला, सेंट्रिंगच्या फळ्यांना लावायला म्हणून पाच लिटर घेऊन गेला. गावाकडे दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून हेच फासतात. मागच्या पिढीत वंगण एरंडेलाचं असायचं आणि नळ्यात भरून बैलगाडीखाली लटकायचं. कॅस्ट्रॉल हे नावही १९०९मध्ये त्याच एरंडाच्या इंग्रजी नावावरून पडलं. एरंडेल सांडलं तर मातीचं काही बिघडत नव्हतं.

नवं तेल ओतून झालं, नवा फिल्टर बसला, नटाचं वायसरही नवं टाकलं. मामांनी दाराच्या आत चिकटवायचा स्टिकर काढला आणि सवयीने पुढचे पाच हजार मिळवून आकडा लिहायला लागले. मी म्हटलं, मामा, आठ हजार मिळवा आणि खाली पुढच्या वर्षीची तारीख टाका. त्यांनी मान हलवून दोन्ही लिहिलं. तासांचं काय करायचं ते विचारणार होतो, पण त्या स्टिकरवर तासांचा रकाना छापलेलाच नव्हता.